जन्नतच्या पाठाचे गुण

शाळेच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून दीपमाला औताडे मॅडमनी आजवर किती पाठ पाहिले असतील, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मराठवाड्यातल्या एका शहरात, सिडकोतल्या बी.एड. कॉलेजात त्या शिकवत. कॉलेजच्या मुलामुलींनी जवळच्या शाळेत जाऊन सराव पाठ घ्यायचे आणि मॅडमनी मागं बसून ते बघायचे, शेरे लिहायचे, हे त्यांचं रोजचं काम. काही पाठ चांगले असायचे, बरेचसे ठीक असायचे, आणि काही असे की शेजारच्या पोराचं डोकं हळूच मॅडमच्या खांद्यावर कलंडायचं. पण त्या दिवशी सातवीच्या वर्गात जन्नतचा पाठ सुरू झाला आणि मॅडमच्या हातातलं पेन हातातच राहिलं.

जन्नत रोशन गेटच्या बाजूला राहायची. तिचे वडील कमरोद्दीन कूलरचं काम करायचे. उन्हाळा लागला की घरोघरी जाऊन कूलरमधलं जुनं गवत काढायचं, नवं भरायचं. त्याच गवताचा एक ओला पुंजका जन्नतनं वर्गात आणला होता. पहिल्या बाकावरच्या मुलीच्या मनगटावर तो टेकवला, उचलला आणि वहीनं वारा घातला.

"कसं लागतंय गं?"

"लई गार!"

"व्हय ना? मग हे गार कुणी केलं? माझ्याकडं काय फ्रिज हाय?"

पोरं हसली. ज्याला त्याला मनगट भिजवून घ्यायचं होतं. जन्नत बाकांमधून फिरत राहिली, हातातला पुंजका पाझरत राहिला.

"पाणी उडून चाललंय बघा. पण रिकाम्या हातानं जाईल तर ते पाणी कसलं? जाता जाता तुमच्या मनगटातली ऊब उचलून नेतंय. ऊब गेली, मागं काय उरलं?"

"गारवा!" सगळा वर्ग ओरडला.

तेवढ्यात एका मुलीनं उभं राहून विचारलं, "बाई, मग आमचा कूलर पावसाळ्यात का नाय गार करत?"

जन्नतनं उत्तर दिलं नाही. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "मला काय इचारते? वर्गाला इचार." आणि मग जो कल्ला उठला! कुणी म्हणे मोटर बिघडते, कुणी म्हणे लाइट जाते. शेवटी खिडकीकडची एक पोरगी बाकावर उभी राहून म्हणाली, "पावसाळ्यात हवेतच लई पाणी आसतंय. आधीच एष्टी भरलेली. मग ह्या पाण्याला चढायला जागाच नाय!"

मग जन्नतनं वळून फळ्यावर एकच शब्द लिहिला, 'बाष्पीभवन'. शब्द सगळ्यात शेवटी आला, कारण त्याचा अर्थ आता पोरांच्या मनगटावर होता. मागं बसलेल्या दीपमाला मॅडमचा ऊर भरून आला. त्यांनी कागदावर लिहिलं, 'असा पाठ मला स्वतःला कधी जमला नाही.' प्राध्यापकानं विद्यार्थिनीच्या पाठावर असा शेरा लिहायची पद्धत नाही, पण त्यांनी तो खोडला नाही.

वर्गाच्या कोपऱ्यात तिवईवर एक टॅबलेट उभा होता. त्यात 'पाठनेत्र' चालू होतं. तेही पाठ बघत होतं, ऐकत होतं आणि आपल्या पद्धतीनं गुण देत होतं.

हे पाठनेत्र कॉलेजात आलं ते दीपमाला मॅडममुळंच. त्यासाठी त्या प्राचार्यांकडं दोन वर्षं हेलपाटे घालत होत्या आणि ते आल्याचा त्यांना मोठा अभिमान होता. त्याला कारणही तसंच होतं. त्या स्वतः बिडकीनच्या. बी.एड.ला असताना शिकवणाऱ्या एका बाईंनी भर वर्गात त्यांना सुनावलं होतं, "शेतात बोलता तसं वर्गात बोलायचं नसतं." पुढं नोकरीत आल्यावर त्यांनी आणखीही पाहिलं. पाठ कसाही होवो, काही जण गुण देताना आधी आडनाव वाचायचे. कुणाची शिफारस आली की शेरे बदलायचे. पाठनेत्राची माहिती कळली तेव्हा मॅडमना वाटलं, सुटले एकदाची. यंत्राला आडनाव दिसत नाही. त्याच्याकडं कुणाचा फोन जात नाही. बैठकीत त्यांनी हेच सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं. या वर्षापासून सराव पाठाचे अंतर्गत गुण पाठनेत्राचे धरायचे असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी जन्नत मॅडमच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. हातात मोबाईल होता.

"मॅडम, माझे गुण आले."

"मग? पेढे कुठं आहेत?"

जन्नतनं मोबाईल पुढं केला. मॅडमनी वाचलं आणि चष्मा काढून पुन्हा वाचलं. शंभरपैकी एक्केचाळीस. खाली कारणं होती. 'भाषा: अशुद्ध. उच्चार: सदोष. वर्गनियंत्रण: कमी. वर्गात गोंधळाचे प्रमाण जास्त.' पोरांनी आनंदानं केलेला कल्ला यंत्राच्या लेखी गोंधळ ठरला होता. 'लई', 'व्हय', 'नाय' या प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ होती.

"काहीतरी चुकलंय," मॅडम म्हणाल्या. "मी बघते."

"चुकलं नसंल मॅडम. माझी मराठी तशीच हाय. घरी दखनी बोलतो आम्ही, मराठी गल्लीत आन् शाळेत शिकले." जन्नत तक्रार करायला आलेलीच नव्हती. "मी फक्त इचारायला आले, पुढच्या पाठाला काय करू? बातम्या बघून सराव करते. चालंल ना?"

ती निघून गेली, पण 'चालंल ना' हे शब्द टेबलावरच राहिले. मॅडमनी संध्याकाळपर्यंत बाकीच्यांचे गुण उघडून बघितले. प्रेरणा नावाची एक मुलगी होती. पुस्तक हातात धरून तिनं धडा वाचून दाखवला होता आणि पोरं मुकाट जांभया देत होती. तिला अठ्ठ्याऐंशी. पैठणहून एसटीनं येणाऱ्या कृष्णाला अडतीस. जरा बारकाईनं बघितल्यावर मॅडमच्या ध्यानात आलं, की खाली राहिलेले बहुतेक सगळे खेड्यापाड्यातून आलेले किंवा घरी दुसरी भाषा बोलणारे. यंत्राला आडनाव दिसत नव्हतं हे खरंच. पण आडनाव झाकलं तरी बोली झाकली जात नाही, आणि बोलीतून गाव, घर, गल्ली सगळं ऐकू येतं.

जन्नतचा पुढचा पाठ पंधरवड्यानं झाला. मॅडम मुद्दाम गेल्या. जन्नत फळ्यापाशी सरळ उभी राहिली, हात मागं बांधून.

"विद्यार्थीमित्रांनो, आज आपण उष्णतेच्या वहनाचा अभ्यास करणार आहोत. उष्णतेचे वहन म्हणजे उष्ण भागाकडून थंड भागाकडे होणारे उष्णतेचे संक्रमण होय."

एकही शब्द चुकला नाही. प्रत्येक वाक्य ती मनात आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच बाहेर काढत होती. त्या खटपटीत तिला पोरांकडं बघायला सवडच नव्हती. पोरं गप्प बसली होती. तास संपायच्या बेताला मागच्या वेळी बाकावर चढलेली खिडकीकडची पोरगी हळूच म्हणाली, "बाई, तुम्हाला बरं नाय का आज?"

जन्नतला हसू आलं नाही. तिनं मान खाली घालून खडू जागेवर ठेवला.

त्या पाठाला पाठनेत्रानं एकोणऐंशी गुण दिले. 'उत्तम प्रगती' असा शेरा आणि खाली एक हसरा चेहरा.

दीपमाला मॅडमना त्या हसऱ्या चेहऱ्याचा जेवढा राग आला तेवढा माणसाचाही कधी आला नव्हता. आणि रागाखाली दुसरंच काहीतरी सलत होतं. बी.एड.च्या वर्गात त्या बाईंनी त्यांना एकदा बोलून दाखवलं होतं, तेच आता कॉलेजातल्या कितीतरी पोरांना यंत्र बोलून दाखवत होतं, आणि त्या बाईंना निदान कधीतरी उलट बोलता आलं असतं. हे यंत्र आणलं कुणी? आपणच.

त्या तडक प्राचार्यांच्या खोलीत गेल्या.

प्राचार्य सुदर्शन नरवडे सर माणूस वाईट नव्हते. कॉलेज त्यांनी शून्यातून उभं केलं होतं आणि त्याच्या प्रत्येक कुंडीत त्यांचा जीव होता. पुढच्या महिन्यात कॉलेजचा दर्जा ठरवणारी तपासणी समिती येणार होती आणि पाठनेत्र हा सरांच्या सादरीकरणातला पहिला मुद्दा होता.

"औताडे मॅडम, हे तुम्हीच आणलंत ना?" सगळं ऐकून घेऊन सर म्हणाले.

"मीच आणलं सर. म्हणून तर मीच सांगायला आले. दुसऱ्या कुणी सांगावं याची वाट बघितली तर लाज राहणार नाही."

"एकदोन पोरांचे गुण इकडंतिकडं होणारच. माणसाकडून होत नाहीत का?"

"माणूस चुकला तर पोरगं त्याच्याशी भांडू शकतं सर. जन्नत भांडली नाही. तिनं स्वतःलाच दुरुस्त करून घेतलं. चांगली शिकवणारी पोरगी होती, आपण दुरुस्तीच्या नावाखाली तिला बिघडवली."

सर खुर्चीत मागं रेलले. "पाठनेत्राच्या कंपनीच्या मोनिका मॅडम गुरुवारी येणार आहेत. त्यांच्यासमोर बोला. पण पुरावा लागेल. नुसतं वाटतंय म्हणून चालायचं नाही."

गुरुवारी मोनिका आल्या. तिशीतल्या, हुशार, नीट ऐकून घेणाऱ्या. सरांच्या खोलीत चहा आला. दीपमाला मॅडमनी बोलण्यात वेळ घालवला नाही. टॅबलेट तिवईवर लावला आणि म्हणाल्या, "मी एकच पाठ दोनदा घेणार आहे. विषय एक, मुद्दे एक, शिकवणारी एक. तुम्ही दोघं विद्यार्थी."

पहिल्यांदा त्यांनी पुस्तकी भाषेत शिकवलं. 'काळ्या मातीची जलधारण क्षमता.' कॉलेजात त्या नेहमी बोलत तशीच स्वच्छ, घासूनपुसून घेतलेली मराठी. मोनिका मान हलवत होत्या. सरांनी मधेच घड्याळ बघितलं.

मग मॅडम थांबल्या. पदर खोचला. आणि इतक्या वर्षांत या इमारतीत कुणी कधी ऐकला नव्हता असा आवाज त्यांच्या तोंडून निघाला.

"आता बघा, आमचं रान बिडकीनचं. माती काळीशार. पाऊस पडला की चिखल असा धरतो, की पाय टाकला तर चप्पल तिथंच, माणूस पुढं! आन् शेजारच्या माळावर जा. तिथं पाणी पडलं की गेलं, पडलं की गेलं. का बरं? आमचे काका सांगायचे, काळी माती म्हंजी कंजूष सावकार. एकदा थेंब हाती लागला की सोडायचा नाय. तिचे कण लई बारीक. बारीक कणाच्या फटी बारीक. मग पाणी खाली जायचं कसं?"

"पण मग उन्हाळ्यात तीच माती भेगाळती कशी?" सरांनी विचारलं. त्यांनी कधी विचारलं ते त्यांनाही कळलं नाही. सरही गेवराईकडचे, गावबोलीतच वाढलेले. ते खुर्चीच्या कडेला सरकले होते आणि चहावर साय धरली होती.

"आता कसं इचारलं!" मॅडम म्हणाल्या. "पाणी प्याली की फुगती, पाणी गेलं की आकसती. फुगलेली बाई उपाशी ठिवली की लुगडं ढिलं होतंय का नाय? तशी!"

सर मोठ्यानं हसले. मोनिकाही हसल्या. मॅडम बोलत राहिल्या आणि बोलता बोलता त्यांच्या ध्यानात आलं, की छातीतली कुठलीतरी जुनी गाठ सुटत चालली आहे. या भाषेत त्यांना शब्द शोधावे लागत नव्हते. शब्द आधीच येऊन उभे होते.

पाठनेत्रानं दोन्ही पाठांचे गुण दाखवले. पहिल्याला ब्याण्णव. दुसऱ्याला त्रेचाळीस, आणि शेरा, 'भाषा: अशुद्ध.'

सर टॅबलेटकडं बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी मी बोललो असतो तर मलाही त्रेचाळीसच." आणि त्यांच्या तोंडून 'म्हंजी' निघालं होतं.

मोनिकांनी हात पुढं करून टॅबलेट बंद केला. "मॅडम, ही तपासणी आम्ही करून मग तुमच्याकडं यायला हवं होतं. खरं सांगते, या भागातलं बोलणं यंत्रानं फारसं ऐकलेलंच नाही. ज्यांचे आवाज ऐकून ते शिकलं, त्यांचीच मराठी त्याला मराठी वाटते." चहाचा कप बाजूला सारून त्या पुढं म्हणाल्या, "यावर उपाय आहे. तुमच्याकडं या वर्षीचे सगळे पाठ रेकॉर्ड झालेले आहेत. ते आम्हाला द्या. यंत्र तुमची बोली शिकेल. बदल्यात पुढची तीन वर्षं पाठनेत्र तुम्हाला फुकट."

सरांचा चेहरा उजळला. "हे तर उत्तमच झालं! मॅडम, बघा, प्रश्न सुटला."

प्रश्न सुटला असं दीपमाला मॅडमनाही घटकाभर वाटलं. मराठवाड्याचं बोलणं यंत्राला शिकवायचं, याहून चांगलं काय? मग त्यांच्या डोळ्यांसमोर मनगट पुढं करून बसलेली ती सातवीची पोरं आली.

"सर, त्या रेकॉर्डिंगमध्ये शाळेतली मुलं आहेत. त्यांचे चेहरे आहेत, आवाज आहेत. त्यांना कुणी विचारलंय? आणि आपल्या मुलांना?"

"प्रवेशाच्या वेळी आपल्या मुलांची संमती घेतली आहे, शाळेनंही परवानगी दिली आहे ना."

"ती पाठ तपासण्यासाठी. कंपनीला देण्यासाठी नाही. शेजाऱ्यानं आपल्याला विहिरीवर पाणी भरू दिलं म्हणून आपण ती विहीर दुसऱ्याला भाड्यानं द्यायची का?"

सर चिडले. "आता प्रत्येकाला विचारत बसायचं? समिती दाराशी आली आहे. कुणी नाही म्हटलं तर?"

"तर नाही."

सर उठून खिडकीपाशी गेले. शेवटी सर म्हणाले, "ठीक आहे. विचारा. पण एक ध्यानात ठेवा. गुणांची भीती मनात असली की पोरं कशालाही हो म्हणतात. विचारायचंच तर असं विचारा, की नाही म्हणायला त्यांची जीभ अडखळणार नाही."

हे वाक्य सर बोलून गेले आणि दीपमाला मॅडमना त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

शनिवारी सभागृहात मुलं जमली. सरांनी सुरुवातीलाच जाहीर केलं, की या वर्षी पाठनेत्राचे गुण धरले जाणार नाहीत. एक आपले प्राध्यापक आणि एक बाहेरच्या कॉलेजचे, असे दोघं पाठ बघतील, कारणं लिहितील आणि ती कारणं विद्यार्थ्याला वाचायला मिळतील. टाळ्या पडल्या. मग मोनिकांनी आपलं म्हणणं काहीही न लपवता मांडलं. त्यानंतर सर म्हणाले, "आता आम्ही तिघं बाहेर जातो. तुम्ही बोला. काय ठरेल ते आम्हाला मान्य."

दीपमाला मॅडम व्हरांड्यात उभ्या राहिल्या. आतून आवाज येत होते, चढत होते, उतरत होते. पूर्वी त्यांना वाटायचं, विद्यार्थ्यांचं भलं आपण केलं पाहिजे. आज दाराबाहेर उभं राहून वाट बघणं हेच त्यांचं काम होतं. ते त्यांना जड गेलं आणि बरंही वाटलं.

दार उघडलं. मुलांनी बोलायला जन्नतला पुढं केलं होतं. ती मंचावर आली. हात मागं बांधलेले नव्हते.

"सर, मॅडम, आमचं असं ठरलंय. शाळेतल्या पोरांची रेकॉर्डिंग कुणालाच द्यायची नाय. ती पोरं आमच्यावर भरवसा ठिवून वर्गात बोलली. त्यांचे चेहरे द्यायचा हक आम्हाला नाय, कॉलेजला पण नाय. वर्ष संपलं की ती पुसून टाकायची, आन् पुसताना आमच्यातलं कुणीतरी समोर पायजे."

मोनिका लिहून घेत होत्या.

"आमच्या आवाजाचं म्हणाल, तर ज्याला द्यायचा त्यानं द्यावा. वेगळा रेकॉर्ड करून, पोरं नसताना. पुढं कुणाचं मन बदललं तर त्याचा आवाज काढून टाकायचा. जो देणार नाय त्याला कारण इचारायचं नाय."

एवढ्यात कृष्णा मागून उठला. "मला कारण सांगायचंय." सगळ्यांनी वळून बघितलं. "माझा बाप वाळूजला कंपनीत हाय. दारात हजेरीच्या मशीनसमोर तोंड धरल्याशिवाय आत सोडत नायत. बाप म्हणतो, पोटासाठी तोंड दिलं. मला वाटतं, आपल्या घरातलं काहीतरी मशीनच्या बाहेर ऱ्हावं. मी माझा आवाज नाय देणार. जन्नतचं आन् माझं यावर आत लई भांडण झालं."

"व्हय, झालं," जन्नत म्हणाली. "मी देणारे माझा आवाज. कारण मी नाय दिला तर उद्या गल्लीतली दुसरी पोरगी मास्तरीण व्हायला येईल आन् तिलाबी एक्केचाळीसच पडतील. पण कृष्णाचं म्हणणंबी खोटं नाय. म्हणून आम्ही दोघांचं ठिवलं."

मग ती मोनिकांकडं वळली. "आन् मॅडम, आवाज देईन, पण एका अटीवर. तुमच्या मशीनमधला 'अशुद्ध' हा शब्द काढायचा. 'पुस्तकापेक्षा वेगळी भाषा' असं लिहा. ते खरं हाय, मला मान्य. पुस्तकाची भाषाबी मला शिकायचीच हाय, ती मला आवडती. पण अशुद्ध नाय. गल्लीनं मला जी मराठी दिली, जिच्यात माझ्या अम्मीची जबान मिसळलीय, ती अशुद्ध कशी आसंल?"

सगळ्यात आधी टाळी वाजवली ती प्राचार्य नरवडे सरांनी, आणि ती थांबेचना.

दीपमाला मॅडमना टाळी वाजवता आली नाही. त्यांनी दोन्ही हातांनी व्हरांड्याच्या दाराची चौकट धरली होती. आपण विचारा म्हटलं होतं, एवढंच. या पोरांनी त्यातून काय उभं केलं! शाळेतल्या पोरांचं रक्षण करायचं त्यांना सुचलं, भांडता आलं, भांडून दोघांचंही ठेवता आलं. शिक्षक व्हायला आणखी काय लागतं? त्यांना वाटलं, आज या सगळ्यांना पदवी देऊन टाकावी.

पुढचं सगळं सरळ झालं असं नाही. कंपनीनं 'अशुद्ध' शब्द काढला, तो महिन्याभरात. तीन वर्षांचं फुकटचं मात्र मागं घेतलं, कारण पाठांची रेकॉर्डिंग मिळाली नाही. सर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग त्यांनीच मार्ग काढला. पाठनेत्र ठेवायचं, पण गुणांसाठी नाही. ज्याला आपला पाठ एकट्यानं बघून सुधारायचा आहे त्यानं आरशासारखं वापरावं. निम्म्याहून जास्त मुलांनी आपले आवाज दिले. कृष्णानं दिला नाही आणि त्याला कुणी विचारलंही नाही. वर्ष संपल्यावर शाळेतली रेकॉर्डिंग पुसली गेली तेव्हा प्रेरणा समोर बसली होती. ते काम तिनं मागून घेतलं होतं.

ठरल्याप्रमाणं पुढच्या महिन्यात तपासणी समिती आली. सरांनी सादरीकरण सुरू केलं आणि पहिल्याच मुद्द्याला कागद बाजूला ठेवला. "आम्ही एक यंत्र आणलं," ते म्हणाले. "ते चुकलं. आमच्या मुलांनी ते कसं वापरायचं आणि कसं नाही, ते ठरवलं. मला या कॉलेजची एकच गोष्ट दाखवायची असेल तर ती ही." समितीतल्या एका वयस्क बाईंनी विचारलं, "हे नियम कुणी तयार केले?" सरांनी खिडकीतून अंगणात बोट दाखवलं. तिथं मुलं डबे उघडून बसली होती.

जन्नतचा शेवटचा परीक्षेचा पाठ मार्चमध्ये झाला, आठवीच्या वर्गात. बाहेरून आलेले परीक्षक मागं बसले होते. जन्नतनं 'व्हय' म्हटलं, 'लई' म्हटलं आणि जिथं पुस्तकातली व्याख्या लागली तिथं ती स्वच्छ, ठासून सांगितली. दोन्ही भाषा तिच्या हातात होत्या आणि कुठली कधी काढायची ते तिला कळत होतं. तास संपला तरी पोरं उठेनात. परीक्षकांनी दीपमाला मॅडमकडं झुकून विचारलं, "ही शिकली कुठं असं?"

"आमच्याकडं शिकली असं म्हणायला मला आवडलं असतं," मॅडम म्हणाल्या.

एप्रिलमध्ये जालन्याच्या एका कॉलेजातून दीपमाला मॅडमना फोन आला. तिथंही तसंच काहीतरी यंत्र घ्यायचं चाललं होतं आणि प्राध्यापकांसमोर बोलायला एखादं तज्ज्ञ हवं होतं. "मॅडम, तुम्हीच या."

"मी येते," मॅडम म्हणाल्या, "पण ऐकायला. बोलायला दोघं येतील. दोघांचं एकमेकांशी पटत नाही, म्हणून दोघांनाही बोलवा."

जूनमध्ये जालन्याच्या सभागृहात कृष्णा आधी बोलला, मग जन्नत. मधे दोनदा त्यांनी एकमेकांना अडवलं. जन्नतला नुकतीच शाळेत नोकरी लागली होती आणि ती वर्गात बोलावं तशी, हात पसरून, समोरच्या प्राध्यापकांना प्रश्न विचारत बोलत होती. प्राध्यापक एकेक करून पुढच्या रांगेत सरकत होते. दीपमाला मॅडम शेवटच्या खुर्चीवर बसल्या होत्या. शेजारच्या बाईंनी हळू आवाजात विचारलं, "या कुठल्या कॉलेजच्या प्राध्यापिका?"

मॅडमनी आधी मंचाकडं बघितलं. जन्नत तेव्हा कुणाला तरी सांगत होती, "नाय सर, आधी पोरांना इचारा."

"अजून नाय, पण व्हईल," मॅडम म्हणाल्या. "लवकरच व्हईल."